इंदिराबाई नातं मोजतात

ताटं वाढून झाली होती. हुग्गीवर, म्हणजे गव्हाच्या गोड खिरीवर, तुपाची धार पडली होती, भरल्या वांग्यांचा वास अंगणभर सुटला होता. बाबूलाल हात जोडून पाहुण्यांना "करा सुरू" म्हणणार, एवढ्यात त्याच्या थोरल्या बहिणीनं, इंदिराबाईंनी, समोर बसलेल्या वरमाईला विचारलं, "ईनबाई, तुमचं म्हायेर कुटलं म्हनलाव?"

प्रश्न साधाच होता, पण इंदिराबाईंनी विचारलेला प्रश्न साधा राहत नसे. बाबूलालची बायको मंगल हुग्गीचं भांडं घेऊन जागीच थांबली. आत स्वयंपाकघरात नवी साडी नेसून बसलेल्या संध्यानं पापड मोडता मोडता हात आवरला.

मादन हिप्परग्याला बाबूलालच्या घरी त्या दिवशी त्याच्या लेकीचा, संध्याचा साखरपुडा होता. सकाळी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावून वंदना झाली होती. जेवणं उरकली की अंगठ्या घालायच्या होत्या. संध्या सरकारी बसवर कंडक्टर होती. हुमनाबादहून मन्नाएखेळ्ळीकडे जाणाऱ्या बसमध्ये तिची आणि प्रेमानंदची ओळख झाली, ती सामानाच्या तिकिटावरून भांडून. मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला प्रेमानंदचं मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं. तांब्याच्या तारेचं बंडल हे सामान आहे की अंगावरची पिशवी आहे, यावर त्या दोघांचा वाद बरेच दिवस चालला आणि शेवटी त्यातून लग्न ठरलं. प्रेमानंदचे वडील राजपाल गुरुजी कन्नड शाळेतून रिटायर झालेले, आई शोभाबाई मोकळ्या स्वभावाची. हुंडा नाही, मानपान नाही. अडचण अशी कुठलीच नव्हती. एक इंदिराबाई सोडल्या तर.

आळंदपासून भालकीपर्यंत आपल्या समाजातलं कुठलं घर कुणाला काय लागतं, हे इंदिराबाईंना तोंडपाठ होतं. लोक सोयरीक जमवण्याआधी त्यांना विचारत, आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांना त्या आपण होऊन सांगत. चार वर्षांपूर्वी संध्याचंच एक स्थळ त्यांनी असं मोडलं होतं. मुलगा मोजून पाहिला तर संध्याचा चुलता निघाला होता. तो चुलता आता उमरग्याला दोन पोरांचा बाप होता, आणि संध्या तीस वर्षांची होती.

"भालकीच्या अलीकडचं खेडं हाय," शोभाबाई म्हणाल्या.

"आईचं नाव?"

"बसव्वा. जाऊन लई वर्सं झाली."

"डाव्या डोळ्याखाली तीळ हुता का?"

"हुता की. तुमाला कसं ठावं?"

इंदिराबाई ताटावरून उठल्या आणि त्यांनी शोभाबाईंच्या गळ्यात हात टाकले. "आगं बसव्वामावशीची लेक तू. तुजी माय आन आमची माय चुलत बहिनी. माज्या लग्नात तुज्या मायनंच मला हळद लावलीती. बाबूलाल, ये हिकडं. ही आपली बहीन निगाली बघ."

बाबूलाल डोळे पुसत आला. शोभाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. शेजारचे गुरप्पा म्हणाले, "म्हंजे पोरगी मामाची झाली की. मामाची पोर करायला आनी काय पायजे? बसल्या जागी हक्काची सोयरीक." सगळी पंगत हसली. आत संध्यानं पापड मोडायला पुन्हा सुरुवात केली.

गोष्ट इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण इंदिराबाईंना आता रंग चढला होता. बाबूलालनं दुसऱ्यांदा हात जोडले, तोवर त्या राजपाल गुरुजींकडे वळल्या होत्या.

"गुर्जी, तुमी मूळचे मन्नाएखेळ्ळीचेच का?"

राजपाल गुरुजींना कुणी प्रश्न विचारला की फार बरं वाटायचं. नोकरी होती तोवर प्रश्न तेच विचारायचे, उत्तर कुणी देत नसे. त्यांनी ताट थोडं बाजूला सरकवलं. "न्हाई अक्का. आमचे आजे थितं घरजावई आलेले. आडनाव बी सासऱ्याचंच लावले. मूळचे ते हिप्परग्याचे."

"कुटल्या हिप्परग्याचे?"

"ह्याच. मादन हिप्परग्याचे."

"भावासंगं भांडून गेले हुते का?"

"व्हय, व्हय," गुरुजी खूश होऊन म्हणाले. "बैलावरून. थोरल्या भावानं न विचारता बैल इकला म्हून रागारागात निगाले, ते परत आलेच न्हाईत. आमचे आजे लई रंगवून सांगायचे ते."

"बैलाचं एक शिंग मोडकं हुतं?"

"डावं," गुरुजी म्हणाले. "पर तुमाला कसं..."

शोभाबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं, पण उशीर झाला होता.

"बैल इकनारा आमचा आजा," इंदिराबाई शांतपणे म्हणाल्या. "गुर्जी, तुमी बाबूलालचे भाऊ. भावकी. पोरगा आन पोरगी भाऊ-बहीन लागत्यात. हे लगीन होत न्हाई."

ज्यांनी घास उचलला होता त्यांनी तो परत ठेवला. गुरुजींना आपण आपल्याच हातानं आपल्या मुलाचं लग्न मोडलं हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"अक्का, हे गोत्र-बित्र आपन कवाच सोडून दिलंय. धर्म बदललाव, तवाच."

"गोत्र सोडलंय गुर्जी. भावकी कुटं सोडलीय? बांधावरनं भांडन निगालं की सगळ्याला भावकी आठवती. लग्नाच्या टायमालाच कामून इसरायची?"

गुरुजींनी बाजूला सरकवलेलं ताट पुन्हा जवळ ओढलं. आणि खरी अडचण तर मंगलची झाली. गुरुजी बाबूलालचे भाऊ असतील, आणि ते वयानं मोठे होते, तर ते तिचे भाया लागत होते. नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं डोकं उघडं ठेवून फिरायची रीत नाही. आणि ती तर मघापासून "गुर्जी, अजून वाढू का, का मास्तरीनबाईनं परवानगी दिली न्हाई" अशी त्यांची चेष्टा करत होती. तिनं घाईघाईनं पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला, पाठ फिरवली, आणि अंदाजानं मागच्या मागं वाढायला लागली. पहिली पळी गुरप्पांच्या मांडीवर गेली.

"आगं, शोभाबाईकडून ते नंदेचे नवरे लागत्यात की," बाबूलाल म्हणाला. "त्यांच्यासंगं चेष्टा चालती."

मंगलनं पदर खाली घेतला.

"भावकी आदी," इंदिराबाई म्हणाल्या.

मंगलनं पदर वर घेतला. "वन्स, यक काय ते ठरवून सांगा," ती पदराआडून म्हणाली. "मला ह्यातनं दिसंना गेलंय."

"माजं धोतर?" गुरप्पा म्हणाले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात संध्या येऊन उभी राहिली. दिवसभर भरलेल्या बसमध्ये पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत वाट काढायची तिला सवय होती. ती पंगतीतून तशीच गेली आणि थेट प्रेमानंदच्या शेजारी मांडी घालून बसली. साखरपुड्याआधी मुलीनं असं बसायची पद्धत नव्हती. प्रेमानंद दचकून थोडा सरकला.

"सरकू नकोस," संध्या म्हणाली. "जागेवरच ऱ्हा."

प्रेमानंद जागेवरच राहिला.

"ऊठ तिथनं," इंदिराबाई म्हणाल्या.

"उटत न्हाई. आत्या, मला यक सांग. शोभाबाई माज्या अप्पाच्या कोन लागत्यात?"

"बहीन."

"आन गुर्जी अप्पाचे कोन?"

"भाऊ. सांगितलंय की मगाशी."

"मंग अप्पाची बहीन आन अप्पाचा भाऊ हे यकमेकाचे कोन लागत्यात?"

सगळ्या माना राजपाल गुरुजी आणि शोभाबाईंकडे वळल्या. ते दोघं एकाच चटईवर बसले होते. गुरुजींच्या ताटातला कांदा शोभाबाईंनी नुकताच उचलून आपल्या ताटात घेतला होता. त्यांनी तो हळूच परत ठेवला आणि त्या चटईच्या कडेला सरकल्या.

"तसं नसतंय ते," गुरुजी म्हणाले. त्यांच्यातला शिक्षक जागा झाला होता. "हे बघा, ही बाबूलालच्या आईकडून, मी बापाकडून. माजा आन हिचा संबंधच..."

"म्हंजे मी चुकले म्हनताव?" इंदिराबाईंनी विचारलं.

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज तोच होता, पण नजर वेगळी होती. "न्हाई अक्का," ते म्हणाले. "तसं कुटं म्हनलाव मी."

"मंग झालं तर."

"काय झालं?" शोभाबाई म्हणाल्या. "मी हितं पोराचं लगीन ठरवायला आलेय, माजं मोडायला न्हाई. आन अक्का, तुमचंच खरं धरलं, हे माजे भाऊच असले, तर भावानं बहिनीला वर्साला यक साडी-चोळी कराया पायजे का न्हाई? यांनी मला लग्नापासून दिवाळीला सुदीक धड साडी घेतली न्हाई. नवरा म्हून मी सोडून दिलं. भावाला सोडनार न्हाई. सगळ्या वर्साच्या साड्या यकदम घेईन."

"आगं, पर मी तुजा भाऊ न्हाई," गुरुजी म्हणाले.

"मंग हे अक्काला सांगा."

गुरुजींनी पुन्हा एकदा इंदिराबाईंकडे पाहिलं आणि पाणी प्यायले.

"माय," प्रेमानंदनं पहिल्यांदाच तोंड उघडलं, "तू जर बाबांची बहीन, तर मी तुला आत्या म्हनायचं का?"

"तू गप," शोभाबाई आणि इंदिराबाई एकदमच म्हणाल्या.

पंगतीत खालच्या टोकाला कुणीतरी हसू दाबलं. इंदिराबाईंना ते ऐकू आलं. त्या ताठ बसल्या. "हसा," त्या म्हणाल्या. "मी नातं बनवत न्हाई, मोजते. जे निगतं ते सांगते. वाकडं निगालं तर त्यात माजा काय दोष? उद्या लोकं म्हनतील, इंदिरानं भाच्चीसाटी डोळे झाकले."

"लोकं काय म्हनायचं ते म्हनू दे," संध्या म्हणाली. "आत्या, मी रोज बसवर असते. म्हातारी चढली की मला ताई म्हनती, कालेजची पोरं अक्का म्हनत्यात, कुनी कानडीत तंगी म्हनतंय, कुनी मावशी. हुमनाबादपासून मन्नाएखेळ्ळीपस्तोर अख्खी बस माजी नातेवाईक हाय. मंग मी कुनासंगंच लगीन करायचं न्हाई व्हय? ह्यो यकटाच असा निगाला की जो मला ताई म्हनला न्हाई."

"काय म्हनला मंग?" गुरप्पांनी विचारलं.

"'कंडक्टर, सुट्टे द्या' म्हनला."

प्रेमानंदनं मान डोलावली. ते खरं होतं.

"चार वर्सांमागं तू यक मोजलीस, मी गप बसले," संध्या म्हणाली. आता तिचा आवाज थोडा खाली आला होता. "घरात समदे म्हनले, आत्याला ठावं असतंय. आता गप बसनार न्हाई. ह्याच्याबरोबर माजं लगीन होनार हाय. तू आलीस तर तुज्यासंगट, न्हाई आलीस तर तुज्याबिगर. आन मोजायचंच असंल तर घरापासून मोज. तुजं आन मामाचं मोजलंयस का कवा?"

आत्याच्या नवऱ्याला तिकडे मामा म्हणतात. इंदिराबाईंचे यजमान नरसिंग हे पंगतीच्या अगदी कडेला, खांबाला टेकून बसले होते. पंगतीत ते एकटेच असे होते की ज्यांनी जेवण थांबवलं नव्हतं. आयुष्यभर बायको बोलत असताना जेवून घ्यायचं हे त्यांचं धोरण होतं. आपलं नाव निघालं तसा त्यांनी हातातला घास सावकाश संपवला.

"मोजलंय की," ते म्हणाले.

"तुमाला कोन इचारलंय?" इंदिराबाई म्हणाल्या.

"पोरगी इचारायली. सांगाया नगो का?" नरसिंगमामांनी बोट चाटलं. "माजी माय आन हिची माय यकाच आज्याच्या नाती. त्या बी चुलत बहिनीच. मोजलं तर मी हिचा मावसभाऊ निगतो."

मंगलनं पदर स्वतःच खाली केला, कारण आता तिला दिसणं जास्त गरजेचं होतं.

इंदिराबाई नवऱ्याकडे बघत होत्या. "तुमाला कवापासून ठावं हाय?"

"लग्नाच्या आदीपासून. मायनं सांगितलंतं. मी तिला म्हनलो, ह्या पोरीपुढं तोंड उघडू नगस. पोरगी मोजनारी हाय. कळलं तर न्हाई म्हनंल." ते थोडं थांबले. "मला तर तीच पायजे हुती."

गुरप्पांनी मांडीवरची हुग्गी पुसायची थांबवली. आता इंदिराबाई काय करतात, उठून जातात की रडतात, की चाळीस वर्षांचा संसार तिथंच मोडतात, हे बघायला सगळी पंगत टपून बसली होती. संध्यालाही आपण फार लांब गेलो की काय असं वाटलं. ती म्हणाली, "आत्या, मी तसं..."

"थांब," इंदिराबाई म्हणाल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "मला बी ठावं हुतं."

"कवापासून?"

"तुमच्या आदीपासून. तुमी मला बघायला आलाव, त्याच दिवशी चुलीपुढं बसून मोजलेलं. भाऊच निगाला."

"मंग?" नरसिंगमामांनी विचारलं. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच बायकोकडे असे बघत होते.

"मंग काय? परत मोजलं न्हाई. कुनाला सांगितलं बी न्हाई." त्यांनी पदर खांद्यावर नीट केला. चेहरा किंचित लाल झाला होता, पण मान खाली गेली नव्हती. "मला पटले हुते. त्यात कुनाच्या बापाचं काय गेलं?"

नरसिंगमामांनी आपल्या ताटातली शेंगाची चटणी उचलून बायकोच्या ताटात वाढली. तिला ती आवडायची.

इंदिराबाईंनी मग पंगतीवरून नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येकावर थांबत. "गुरप्पा," त्या म्हणाल्या, "आता हितं काय बोलनं झालं?"

"कुटं काय?" गुरप्पा म्हणाले. "माज्या धोतरावर हुग्गी सांडली. बाकी काय न्हाई."

"गुर्जी, तुमचे आजे कुटले म्हनलाव?"

राजपाल गुरुजींनी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं. त्यांनी शोभाबाईंकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मन्नाएखेळ्ळीचेच. लई पिढ्यांपासून. बैल सुदीक थितलेच."

"मंग जेवा की. ताटं गार करून बसलाव," इंदिराबाई म्हणाल्या, जणू इतका वेळ दुसऱ्याच कुणी पंगत अडवून धरली होती.

जेवणं झाली. अंगठ्या घातल्या गेल्या. संध्या आत्याच्या पाया पडायला वाकली, तेव्हा इंदिराबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "लई तोंड वाजवतीस. माज्यावरच गेलीयस."

लग्न वैशाखात आळंदला झालं. पांढऱ्या साडीत संध्या आणि पांढऱ्या कपड्यांत प्रेमानंद, दोघांनी गाथा म्हणून एकमेकांना हार घातले. लोकांनी फुलं टाकली. मानपान करायचा नाही असं ठरलेलं होतं, पण दोन्हीकडच्या थोरल्या बायकांना एकेक साडी द्यावी एवढं शोभाबाई आणि मंगल यांनी आपसात ठरवलं होतं. माईक गुरप्पांच्या हातात होता. त्यांनी नाव पुकारलं, "नवरीच्या आत्या, इंदिराबाई."

इंदिराबाई स्टेजवर आल्या, शोभाबाईंच्या हातून साडी घेतली, नवरा-नवरीला आशीर्वाद दिला. पण त्या खाली उतरल्या नाहीत. स्टेजच्या दुसऱ्या बाजूला, मुलाकडच्या बायका जिथं उभ्या होत्या तिथं जाऊन त्यांनी रांग धरली.

"अक्का, तुमचं झालं की," गुरप्पा माईक खाली धरून म्हणाले.

"नवरीची आत्या झाली. नवऱ्याची मावशी राहिली न्हवं का? शोभा माजी मावसबहीन हाय, तिचा ल्योक माजा कोन? पुकार."

गुरप्पांनी पुकारलं. मंगलनं निमूटपणे नणंदेला दुसरी साडी दिली. इंदिराबाईंनी दोन्ही साड्या काखेत घेतल्या आणि राजपाल गुरुजींपुढं जाऊन उभ्या राहिल्या. गुरुजी नुकतेच खुर्चीवर टेकले होते. ते घाबरून उठले.

"भाऊ," इंदिराबाई म्हणाल्या, "थोरली बहीन दारात आल्यावर भावानं काय कराया पायजे?"

गुरुजींनी शोभाबाईंकडे पाहिलं. शोभाबाई दुसरीकडे बघून हसत होत्या. बायकोसाठी त्यांनी अखेर हौसेनं एक चांगली इरकली साडी आणली होती, ती पिशवीतच होती. गुरुजींनी पिशवीत हात घातला.

हार सावरत संध्या खुर्चीवरून पुढे वाकली. "आत्या, नातं मोजायचं न्हाई असं ठरलंतं न्हवं का?"

"मोजायलाय कोन?" इंदिराबाई इरकलीचा काठ उजेडात धरून बघत म्हणाल्या. "मी घ्यायलेय."